माणूस लाइनवर आहे

सोमवार, ता. ३

हवा कोरडी. घरात दोन माणसं. लोड कमी.

चौतीस वर्षं सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये लॉगबुक लिहिलं. दर तासाला व्होल्टेज, लोड आणि शेवटच्या रकान्यात 'सर्व नॉर्मल'. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हात शिवशिवतो, म्हणून ही वही. बायको विचारते, घरात फ्रिज आणि पंखा सोडला तर नोंद करण्यासारखं आहे काय? नसू दे. सवय ती सवय.

आज मात्र आहे. ठिणगीचा फोन आला. ठिणगी ही आमची एकुलती एक मुलगी, वय बत्तीस. लहानपणी शब्दाला शब्द लागला की तडकायची, म्हणून हे नाव मीच पाडलं. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून ती कलाकार झाली. चित्रं काढते म्हणावं तर तेही नाही. दिवे, आवाज आणि वायरी यांच्या खोल्या करते. लोक आत जाऊन अंधारात उभे राहतात आणि बाहेर येऊन 'वा' म्हणतात. शिक्षण सोडलं तेव्हा मी तिच्याशी आठ महिने बोललो नव्हतो. आता बोलतो, पण तिच्या कामाचा विषय दोघंही काढत नाही.

आज तिनेच काढला. "बाबा, तुमचं लायसन्स चालू आहे ना?"

चालूच आहे. वापर नसला तरी नूतनीकरण एकदाही चुकवलेलं नाही. तिला प्रदर्शनासाठी एक जुना बर्फाचा कारखाना मिळालाय. बावीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता उद्घाटन. जागेवाल्यांना लायसन्स असलेल्या माणसाचं प्रमाणपत्र हवंय की वायरिंग सुरक्षित आहे. तिचा नेहमीचा वायरमन 'असली कामं मी करत नाही' म्हणून निघून गेला. मी म्हटलं, शहाणा दिसतो. ती हसली नाही.

मी अट घातली. काम माझ्या नियमांनी होईल.

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय," ती म्हणाली.

बायको शेजारी बसून ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर "बरं झालं" म्हणाली. काय बरं झालं ते मात्र सांगितलं नाही.

बुधवार, ता. ५

हवा कोरडी. कारखाना बघितला. खिडकी एकही नाही, भिंती हातभर जाड. आत शिरलो की स्वतःच्या चपलेचा आवाज मागून येतो. मध्यभागी एक लोखंडी खांब उभा केलाय, आपल्या लाइनच्या खांबासारखा. छताला दोनशे साठ बल्ब, सगळे जुन्या पिवळ्या प्रकाशाचे. कोपऱ्याकोपऱ्यात डायलचे नऊ फोन. एका चौथऱ्यावर भंगारातून आणलेला छोटा ट्रान्सफॉर्मर.

ट्रान्सफॉर्मर चालू केला तर गुणगुणत होता. पत्रे सैल झालेले. पाना खिशात होताच, चार बोल्ट आवळले. आवाज बंद. ठिणगी धावत आली.

"बाबा! तो आवाज गेला कुठे?"

"दुरुस्त केला."

"मला तोच हवा होता! तीन महिने शोधत होते मी तसा आवाज."

चार बोल्ट पुन्हा सैल केले. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत हे पाप पहिल्यांदाच. मग ती कान लावून सांगत गेली, अजून थोडा, अजून थोडा, आता थांबा. आणि गंमत अशी की एक बोल्ट पाव फेरा फिरवला की सूर बदलतो, हे मला माहीतच नव्हतं. आयुष्यभर तो आवाज घालवत आलो, ऐकला कधी नव्हता. तासभर आम्ही दोघं त्या ट्रान्सफॉर्मरभोवती उकिडवे बसलो होतो.

काम सुरू करताना मी माझी लाल पाटी मेन स्विचला लावली. पत्र्याची आहे, वर पांढऱ्या अक्षरांत 'माणूस लाइनवर आहे' आणि खाली ज्याची पाटी त्याचं नाव. हत्यारांच्या डब्यात इतकी वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवली होती. तिला नियम सांगितला. जो लाइनवर काम करतो, त्याची पाटी स्विचच्या दांड्याला. ज्याने लावली त्यानेच काढायची. साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही.

"आणि तो विसरून घरी गेला तर?"

"घरून बोलावून आणायचा. येईपर्यंत अंधार."

"आणि दुसऱ्या कुणी काढली तर?"

मी म्हटलं चहा घेऊ. चहा बरा होता, थोडा गोड.

शनिवार, ता. ८

दुसरा शनिवार. बायको नेहमीप्रमाणे नदीपलीकडच्या मैत्रिणीकडे गेली, डबा घेऊन. तिच्या डब्याला निळा दोरा बांधलेला असतो, झाकण सैल आहे म्हणून. कित्येक वर्षं तिचा हा नेम आहे. त्या मैत्रिणीला मी एकदाही बघितलेलं नाही. बायकांच्या गप्पांत आपण कशाला पडा!

मी कारखान्यात. ठिणगीने काम काय आहे ते आज समजावलं. लोक आत येतील तेव्हा पूर्ण अंधार. फक्त खांबाच्या टोकाला एक छोटा दिवा. भिंतीवर एक मोठा दांडा आणि त्यावर लाल पाटी (माझ्या पाटीची नक्कल तिने करून घेतलीय, माझी मी दिली नाही). फोन वाजू लागतात. उचलला तर आतून कोणी ना कोणी विचारतं, 'लाइट कधी येणार?' दरम्यान तो छोटा दिवा दोरीवरून हळूहळू खाली उतरतो. जमिनीला टेकला की दोनशे साठच्या दोनशे साठ दिवे लागतात.

"आणि कुणाला थांबायचं नसेल तर?"

"तर पाटी काढायची. लगेच सगळे दिवे लागतात. पण खांबावरचा दिवा विझतो आणि त्या दिवशी पुन्हा लागत नाही."

"दिवा खाली यायला वेळ किती?"

"अकरा मिनिटं."

"अकराच का?"

"अकरा," म्हणाली आणि पक्कड उचलून निघून गेली.

माझं मत विचाराल तर लोक थांबणार नाहीत. लोक लिफ्टचं बटणसुद्धा दोनदा दाबतात. पण सर्किट सुरेख आहे. तिने इंजिनिअरिंग पुरं केलं असतं तर... जाऊ दे, उगाळून काय उपयोग.

गुरुवार, ता. १३

खांबावरच्या दिव्याचं काम. उतरताना तो दोन ठिकाणी अडकत होता. एकदा मधल्या पट्टीपाशी, एकदा जमिनीपासून हातभर वर. मोटर उघडली, वंगण घातलं, कप्पी बदलली. लोण्यासारखा सुळकन खाली यायला लागला. तिला हाक मारून दाखवलं. वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

"बाबा, तो तिथे थांबायला हवा होता," ती हताश होऊन म्हणाली. "ते मुद्दाम होतं."

"मुद्दाम? दिवा कशाला थांबेल?"

"पाय बदलायला."

दिव्याला पाय! कलाकारांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. थांबे परत बसवून दिले. मात्र खरं लिहायचं तर आता मला सकाळी उठल्यावर तिथे जायची घाई होते. बायको म्हणते, तुमचा चेहरा नोकरीला लागल्यासारखा दिसतोय.

सोमवार, ता. १७

आज लवकर घरी आलो. पोट बिघडलं.

झालं असं की दुपारी दारातून एक माणूस आत आला. शर्टाची उजवी बाही कोपरापाशी दुमडून टाचलेली. उस्ताद. सगळं सबस्टेशन त्याला उस्तादच म्हणायचं. आमच्या वेळचा सर्वांत तरबेज लाइनमन. खालच्याने मान वर करेपर्यंत हा खांबाच्या टोकाला. सव्वीस वर्षांत मी त्याच्यासमोर उभा राहिलेलो नाही.

ठिणगी "काका, या" म्हणाली. नवखेपणाने नाही. त्याचं स्टूल कुठे असतं हे तिला ठाऊक होतं. खांबावरचा दिवा कसा उतरवायचा ते त्यानेच सांगितलंय म्हणे.

"काय साहेब, बरं आहे ना?" तो मला म्हणाला. आवाज होता तसाच आहे.

मी म्हटलं, "हो. जरा पोट..." आणि निघालो. निघताना बघितलं, तो जेवायला बसला होता. डबा डाव्या हाताने उघडत होता. डब्याला निळा दोरा होता. असे डबे बाजारात शेकड्यांनी मिळतात आणि दोरा काय, कुणीही बांधतं. नदीपलीकडून बसने येतो म्हणाला.

बायको म्हणाली, "जे तुम्ही खाल्लं तेच मी खाल्लं. माझं पोट कसं बिघडलं नाही?"

मंगळवार, ता. १८

आज गेलो नाही. वही उघडून तासभर बसलोय. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही, म्हणून एकदाच आणि नीट लिहितो.

सव्वीस वर्षांपूर्वी. अकरा हजार व्होल्टची लाइन दुरुस्तीसाठी बंद केली होती, साडेचार वाजेपर्यंत. दांड्यावर उस्तादची पाटी. उन्हाळा होता आणि अर्धं गाव बंद. फोन खणखणत होते. पाण्याच्या टाकीवरून, दवाखान्यातून, वरच्या साहेबांकडून. सगळ्यांचं एकच, लाइट कधी येणार. त्या दिवशी ठिणगीच्या शाळेला लवकर सुट्टी झाली म्हणून ती माझ्याकडे आली होती. टेबलाखाली बसून खडूने फरशीवर बल्ब काढत होती.

गेटवरचा माणूस म्हणाला, उस्ताद गेला वाटतं, त्याची सायकल नाहीये. मी खिडकीतून बघितलं. सायकल खरंच नव्हती. दुसरंच कोणी घेऊन गेलं होतं ती. मी पाटीला हात घातला. टेबलाखालून आवाज आला, "बाबा, त्यावर दुसऱ्याचं नाव आहे." ती तेव्हा नुकतीच अक्षरं लावून वाचायला शिकली होती.

मी म्हटलं, "गप्प बस." पाटी काढली आणि लाइन चालू केली. चार वाजून एकोणीस मिनिटं. ती वेळ मी मोठ्याने म्हणत लॉगबुकात लिहिली, माझ्याच अक्षरात आहे.

उस्तादचं काम संपलं होतं. पण एक क्लॅम्प आवळायचा राहिला म्हणून तो पुन्हा चढला होता.

चौकशी झाली. त्याने दवाखान्यातून जबाब दिला की आपणच निरोप पाठवून पाटी काढायला सांगितली होती. मला कुठलाही निरोप आला नव्हता. जबाबाचा कागद मला दाखवला. खाली डाव्या हाताने केलेली त्याची पहिली सही होती. वेडीवाकडी, पहिलीतल्या पोरासारखी, ओळ सोडून खाली घसरलेली. त्या कागदावर माझी नोकरी राहिली. त्याला नदीपलीकडच्या हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. तो तसं का म्हणाला हे मी आजवर विचारलं नाही. विचारायला समोर जावं लागतं.

हे कोणालाही माहीत नाही. बायकोला नाही, पोरीला नाही. पोरगी तेव्हा सहा वर्षांची, तिला काय आठवणार!

गुरुवार, ता. २०

भांडण झालं. क्रमाने लिहितो.

सकाळी दाराशी लावायचा फलक आला होता. तो मीच भिंतीला टेकवून ठेवला. वर कामाचं नाव: 'माणूस लाइनवर आहे'. खाली दोन ओळी. 'काम संपायची वेळ साडेचार. आता चार वाजून एकोणीस मिनिटं झाली आहेत.'

खाली बसलो. साडेचारातून चार-एकोणीस वजा केले. अकरा.

फोन, अंधार, खांबावरून पाय बदलत उतरणारा दिवा, पाटी काढली की विझणारा. आणि हे सगळं मी माझ्या हातांनी जोडलंय, वायर न् वायर. वंगणसुद्धा मीच घातलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"तुला हे कोणी सांगितलं? त्याने?"

"कोणी नाही," ठिणगी म्हणाली. "मी टेबलाखाली होते, बाबा."

"आणि आता बापाला चव्हाट्यावर उभं करतेस?"

"नाव कुणाचंही नाही. काकांना विचारूनच केलंय."

"मला विचारलंस?"

"तुम्हाला विचारलं तर तुम्ही चहा घेऊ म्हणता."

 ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. म्हणाली, "मला कुणाला दोष द्यायचा नाहीये. मला फक्त बघायचंय की लोक थांबतात का. लहानपणापासून हा एकच प्रश्न पडलाय मला. अकरा मिनिटं थांबणं एवढं अवघड असतं का?"

मी मेन स्विचपाशी गेलो, दांडा खाली ओढला आणि माझी पाटी लावली. म्हटलं, अर्थिंगमध्ये फॉल्ट आहे, तपासल्याशिवाय चालू करायचं नाही. तिने शेजारच्या भिंतीकडे बघितलं. सोमवारचं रीडिंग तिथेच खडूने लिहिलेलं होतं, अगदी उत्तम. फॉल्ट अर्थिंगमध्ये नव्हता.

लाइनवर माणूस नसताना पाटी लावली. चौतीस वर्षांत एक पाटी काढायला नको होती ती काढली, आणि आज एक लावायला नको होती ती लावली.

शुक्रवार, ता. २१

हवा ढगाळ. दिवसभर घरी. फोन आला नाही.

तिने पाटी काढली असणार. उद्या संध्याकाळी उद्घाटन, निमंत्रणं गेलेली, एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी कोण थांबेल! मीही थांबलो नव्हतो. खरं लिहू का? तिने काढावी असंच वाटतंय. काढली तर फिटंफाट. सगळेच काढतात, मग माझं एकट्याचं काय, असं म्हणता येईल. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटतंय ते वाटतंय.

बायकोने उद्यासाठी माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय. मी म्हटलं, मी येणार नाहीये. ती म्हणाली, "शर्टाला कुठे सांगितलंय मी तसं?"

शनिवार, ता. २२

पाच वाजता मी घरी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. एकच पान.

पाच वीसला फोन वाजला. प्रदर्शनाच्या मॅनेजरबाई. "अहो, आत पूर्ण अंधार आहे. सत्तर माणसं आलीयत. लाइट कधी येणार?"

ठेवला, तर दुसरा. जागेच्या मालकांचा माणूस. लाइट कधी येणार. तिसरा फोन ओळखीचा नव्हता. तिसऱ्यांदा तेच शब्द ऐकले तेव्हा तो फोन तसाच कापला. मी ठिणगीला फोन लावला.

"अगं, पाटी काढ. लाइनवर कोणी नाहीये. मी सांगतोय ना."

"तुम्ही फोनवर सांगताय, बाबा. निरोपावर पाटी काढत नाहीत. ज्याने लावली त्यानेच काढायची."

"लोक निघून जातील गं. तुझं तीन वर्षांचं काम..."

"जाऊ देत," म्हणाली. आवाज कापत होता. "पण मी हात लावणार नाही."

मागे वळलो तर बायको चपला घालून दारात उभी. हातात माझा शर्ट.

गाडीत मी तिला म्हटलं, तुला एक सांगायचंय. ती म्हणाली, "सव्वीस वर्षं ताकाला जाऊन भांडं लपवताय. मला नका सांगू, त्याला सांगा. मी त्याच्या घरी दर दुसऱ्या शनिवारी जाते." मग तीच पुढे म्हणाली, "पोरीने घरी येताच मला सांगितलं होतं. त्याच दिवशी."

बर्फाच्या कारखान्यात शिरलो. अंधारात माणसं जमिनीवर बसलेली, हातात फोनच्या बॅटऱ्या. कोणी फार बोलत नव्हतं. ठिणगीने त्यांना एवढंच सांगितलं होतं की एक माणूस अजून लाइनवर आहे, तो आल्याशिवाय दिवे लागणार नाहीत. पाचसहा जण निघून गेले होते. बाकीचे बसले होते.

मेन स्विचपाशी उस्ताद उभा होता, पाटीला पाठ लावून. मॅनेजरबाईंनी दोनदा हात घालायचा प्रयत्न केला होता, त्याने लावू दिला नाही. मला बघून त्याने आमच्या जुन्या पद्धतीने विचारलं, जसं प्रत्येक वेळी विचारायचा रिवाज होता.

"पाटी कुणाची?"

"माझी."

"लाइनवर कोण आहे?"

'कोणी नाही' हे उत्तर असतं. ते तोंडातून फुटेना.

"तुझी पाटी मी काढली होती," मी म्हटलं. भिंती जाड, आवाज घुमला. "तुझा निरोप आला नव्हता. तू खोटं सांगितलंस म्हणून मी वाचलो. साडेचार वाजायचे होते, मी थांबलो नाही. चूक माझी होती."

"ठाऊक आहे रे," तो म्हणाला. "हात माझा होता."

 त्याने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि जरा दाबला. "काढ आता. लोक ताटकळलेत."

मी माझी पाटी काढली. दांडा त्याने वर केला.

खांबाच्या टोकाला तो छोटा दिवा लागला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला, आम्ही जुळवला होता त्याच सुरात. फोन वाजू लागले. एका बाईने उचलला, ऐकला आणि भिंतीवरच्या लाल पाटीकडे बघितलं.  तिने फोन हळूच खाली ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसली. दिवा मधल्या पट्टीपाशी थांबला. "इथे पाय बदलायचा," उस्ताद माझ्या कानाशी पुटपुटला. शेवटच्या हातभरावर पुन्हा थांबला. "इथे उडी मारायचा मोह होतो. मारायची नाही."

दिवा जमिनीला टेकला. दोनशे साठ दिवे लागले आणि त्यात साठपासष्ट माणसांचे चेहरे एकदम दिसले. मी रडलो. लपवत नाही, सगळ्यांसमोर रडलो. ठिणगी गर्दीतून आली. तिचेही डोळे भरलेले.

"थांबले, बाबा," म्हणाली. "सगळे थांबले."

मॅनेजरबाई लगबगीने आल्या. "सुरुवातीचा तो दोघांचा संवाद फारच परिणामकारक होता. रोज असणार का तो?"

"नाही," ठिणगी म्हणाली. "तो एकदाच."

रविवार, ता. २३

हवा स्वच्छ.

प्रमाणपत्र राहिलं होतं, जागेवाल्यांनी आजची मुदत दिली होती. सकाळी कारखान्यात गेलो, पहिल्यापासून सगळं तपासलं. अर्थिंग, फ्यूज, जोड. कुठेही खोट नाही. पोरगी हुशार आहे, हे तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, लिहून द्या. म्हणून इथे लिहितो: पोरगी हुशार आहे.

मी सही केली. खाली साक्षीदाराची ओळ होती. ठिणगीने कागद उस्तादपुढे सरकवला. तेव्हा मी त्याला विचारलं, अखेर विचारलं, की तो जबाब असा का दिलास.

"माझा हात तर गेलाच होता," तो म्हणाला. "तुझी नोकरी घालवून परत येणार होता का? पण तू एकदा तरी घरी येशील असं वाटलं होतं. वर्षभर वाट बघितली. नंतर राग आला. बराच काळ होता तो राग. तुझी बायको यायची, तिच्यावर तो काढता येईना."

मी मान खाली घालून ऐकलं. 

त्याने पेन घेतलं. डाव्या हाताने, कागद जरा तिरका धरून, एका झटक्यात सही केली. मला त्या जबाबावरची सही पाठ आहे. ती घसरत गेलेली, पोरासारखी. ही तशी नव्हती. सरळ ओळीत, वळणदार, शेवटी एक सफाईदार रेघ. मला दिसेल असा कागद फिरवून तो बाजूला झाला.

"अक्षर सुधारलं तुझं," मी म्हटलं.

"वेळ भरपूर मिळाला," तो म्हणाला.